बाकीचे आवाज

ऋचा, आज रात्री मला तुझ्याकडे राहू दे म्हणाले, तर कारण सांगायलाच हवं. वीज येईपर्यंत सांगते. मेणबत्ती असू दे. फक्त गॅसवर काही ठेवू नकोस. कढईत काही तडतडलं की माझं बोलणं तुटतं.

सुरुवात अगदी साधी होती. एका सकाळी मी मारतहळ्ळीला टेलिफोन घ्यायला गेले होते. वायरचे, जुन्या पद्धतीचे, दोन. दुकानदारानं माळ्यावरून काढून दिले, फुंकर मारून धूळ उडवली आणि नाटकात काम करता का, असं विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला तिथेच बसवून घेतलं असतं.

मेलबर्नहून मी कशासाठी परत आले, ते तुला माहीत आहे. आपल्याकडे आवाजाचा पुरावा कसा मांडतात? दोन आवाजांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवायची, डोळे बारीक करून बघायचं आणि कोर्टात म्हणायचं, ‘जुळतो.’ त्या एका शब्दावर माणूस जन्मभरासाठी आत जातो. मला हे बदलायचं होतं. मला शिकवलं होतं की दोन प्रश्न विचारायचे. हा आवाज आरोपीचाच असेल, तर तो असा ऐकू येण्याची शक्यता किती? आणि दुसऱ्याच कुणाचा असेल, तर किती? पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. जो आकडा येईल तो न्यायाधीशांपुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. नाव घ्यायचं नाही. नाव घेणं आपलं काम नाही. माझा यावर देवावर असावा तसा विश्वास होता. अजून आहे. आणि तीच तर पंचाईत आहे.

आशय, माझा भाऊ, यावर फार हसायचा. “तायडे, एवढं समुद्रापार जाऊन शिकलीस आणि उत्तर काय, ‘सांगता येत नाही’?” सर्जापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटमध्येच मी राहत होते. आशयला तू एकदाच भेटलीस, पण तो कसा आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. माणसं जोडणारा. भाजीवाला, इस्त्रीवाला, वॉचमन, ज्याच्याशी बोलेल त्याच्यासारखंच बोलतो. हेलसुद्धा तोच. लोकांना बरं वाटतं.

त्याच रस्त्यावर, आमच्या शेजारच्या सोसायटीत, शालन मेली.

ती अथणीकडची. चार घरी स्वयंपाक करायची. त्या दुपारी मालक कामावर गेले होते, आणि ती एकटीच स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर टाकून धाकट्या बहिणीशी, गंगव्वाशी बोलत होती. गंगव्वाच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. ते रेकॉर्डिंग आरोपीच्या वकिलानं, मी आवाज तपासते त्या आमच्या लॅबमध्ये आणून दिलं.

मी ते किती वेळा ऐकलं असेन, सांगता येणार नाही. आधी तेलात मोहरी तडतडते. शालन गावातल्या कुणाच्या तरी लग्नाची गंमत सांगतेय आणि सांगता सांगता स्वतःच हसतेय. मग ते हसणं एकदम कापडात गुंडाळल्यासारखं होतं. कुणीतरी मागून येऊन ओल्या टॉवेलनं तिचं डोकं आवळलं होतं. मग डोकं ओट्यावर आपटल्याचा आवाज. ग्रॅनाइटवर. पुन्हा. पुन्हा. दर वेळी आधीपेक्षा ओला. दात फरशीवर सांडल्याचा आवाज येतो, डाळ सांडावी तसा. पलीकडून गंगव्वा किंचाळते आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये एक पुरुष बोलतो. चिडून नाही. बाळाला थोपटत बोलावं, तसं.

“गप्प... स्वल्प गप्प, अक्का. झालंच.”

मग फक्त तेल जळत राहतं.

शालननं त्याचा चेहरा पाहिला नाही. तिनं त्याचा फक्त आवाज ऐकला.

पोलिसांनी पिराजीला धरलं. तो पाण्याचा टँकर चालवायचा, त्या दुपारी सोसायटीत होता, आणि पाणी सांडण्यावरून त्याचं शालनशी भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. एका तज्ज्ञानं दोन चित्रं शेजारी ठेवून ‘जुळतो’ असं लिहूनही दिलं होतं. पिराजी जन्मभर आत राहणार की घरी जाणार, हे आता त्या आवाजावर होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढायचं, तर ‘दुसरा कुणी’ म्हणजे कोण, हे ठरवावं लागतं. तशा माणसांचे आवाज गोळा करावे लागतात. मी ठरवलं: सीमाभागातले, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे, इथे पोटासाठी आलेले पुरुष. मारेकऱ्याच्या बोलण्यात ‘जरा’ऐवजी कन्नड ‘स्वल्प’ होता, आणि अथणीकडचा हेल माझ्या कानाला स्वच्छ लागला होता. आमचा तंत्रज्ञ संग्राम निपाणीचा. माणसं आणायचं काम त्याच्याकडे दिलं. त्यानं ड्रायव्हर, वॉचमन, सिलिंडर पोचवणारे आणायला सुरुवात केली. जाता जाता म्हणाला, “का ओ मॅडम, वरच्या मजल्यावरचे साहेब ‘स्वल्प’ म्हणत नाहीत होय?” मी त्याला हेल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. संग्राम समजावून घ्यायचा आणि हसायचा, दोन्ही एकदम.

अडचण दुसरीच आली. माणसं माझ्याशी बोलताना ताठ व्हायची. ‘हो मॅडम, नाही मॅडम.’ मारेकरी बोलला होता तो एका अक्काशी, त्यांच्या बोलीतल्या बाईशी. तशी बाई पलीकडे हवी होती. गंगव्वा आपणहून तयार झाली. नियमात ते बसत नव्हतं, पण तिला कुणाचं नाव कळणार नव्हतं, आणि गावाकडच्या, जेवणाखाण्याच्या गप्पा तेवढ्या मारायच्या होत्या. ती एवढंच म्हणाली, “कोन ते कळंल का, बाई?” मी म्हणाले, “आवाज आधी जमू देत.”

आमची लॅब बेळ्ळंदूरला एका इमारतीच्या तळघरात आहे. तिथे दिवस काय आणि रात्र काय, ट्यूबलाइट तीच. एका टोकाला बूथ. आतून सगळा फोम लावलेला, जाड दार, एक छोटी काच. दार लागलं की आत इतकं शांत होतं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. मोबाइलला रेंज नाही, म्हणून ते वायरचे फोन. दुसऱ्या टोकाला स्टोअररूम, तिथे गंगव्वाची खुर्ची. मी मध्ये, हेडफोन लावून. मला फक्त बूथमधल्या माइकचं ऐकू यायचं. पलीकडची बाजू मला नको होती.

पहिले दिवस छान गेले. माणसं आत जाताना लाजायची आणि बाहेर येताना हसायची. मग एक दिवस एक वॉचमन घाम पुसत बाहेर आला. म्हणाला, अक्का एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. आणि जाता जाता त्यानं विचारलं, “आत कुणी फोडणी टाकलीय का? मोहरी करपल्याचा वास येतोय.”

बूथमध्ये डोकावले. फोमलाच तो वास होता. कडू, घशाला लागणारा.

गंगव्वाला समज द्यायला मी स्टोअररूमकडे गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. संग्रामला किल्ली मागितली, तर तो म्हणाला, तिथे कुणीच नाही. गंगव्वा बहिणीच्या कार्याला गावाला गेली होती. आठवडा होत आला होता. त्याला वाटत होतं, इतके दिवस माझ्या टेबलावरून मीच माणसांशी बोलतेय. मला वाटत होतं, माझ्या आधी येऊन बसलेली गंगव्वा.

“मग त्यांच्याशी...” तो किल्ली काढत म्हणाला.

आम्ही कुलूप काढलं. रिकामी खुर्ची. रिसीव्हर जागेवर. खुर्चीची गादी मात्र ओली होती.

दुसऱ्या दिवशी तो वॉचमन मेला. बेळ्ळंदूरच्या एका टेक पार्कच्या गेटवर, त्याच्या केबिनमध्ये. आतून कडी. डोक्यावर ओला टॉवेल, आणि लोखंडी टेबलावर कपाळाच्या जागी एक खळगा. पोलीस म्हणाले, फिट आली असेल.

त्यानंतर एक टँकर ड्रायव्हर गेला, आम्हीच बोलावलेला. भर दुपारी, आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये. हॉर्न वाजायला लागला. थांबून थांबून, जोरात. आजूबाजूचे लोक चिडले, शिव्या दिल्या. कुणीतरी उतरून वर चढून पाहिलं, तेव्हा कळलं की प्रत्येक हॉर्नला त्याचं तोंड स्टिअरिंगवर आदळत होतं. टॉवेल तोंडावर, दोन्ही हात मांडीवर. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. चार जणांनी त्याला मागे ओढून धरलं, तरी मान पुढे जातच होती. शेवटी हॉर्नही बसला.

नावं आम्ही पुसून टाकली होती, फक्त क्रमांक ठेवले होते. पण कोण कधी आलं ते संग्रामच्या डोक्यात होतं. त्यानं क्रमांक सांगितले आणि मी रेकॉर्डिंगशी ते आवाज ताडून पाहिले. सगळ्या जमवलेल्या आवाजांत मारेकऱ्याच्या आवाजाच्या सगळ्यात जवळचे होते ते दोघे.

तेव्हा मला समजलं, ऋचा. स्टोअररूममध्ये कुणीतरी माझंच काम करत होतं. फक्त अर्धंच. तिला पहिला प्रश्न येत होता, हा आवाज त्याच्यासारखा आहे का? दुसरा तिला कुणी शिकवलाच नव्हता.

जवळच्या आवाजांत तिसरा होता संग्राम. यंत्र तपासायला सगळ्यात आधी त्यानंच आवाज दिला होता.

मी त्याला सांगितलं. तो हसला. “माझं लगीन ठरलंय मॅडम. मरायला वेळ कुठाय?” त्यानं स्टोअररूममधली वायर भिंतीतून उपटली, माझ्यासमोर. मग बूथमधला फोन काढून आणतो म्हणून आत गेला.

दार आपोआप लागलं. मला वाटलं, त्यानंच लावलं. मग टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज यायला लागला. मी ते कानाला लावले.

“अक्का... मी संग्राम ओ. नाही... मी नव्हतो. मी त्या दिवशी निपाणीला...” मग नुसता श्वास. “नको. तेवढं म्हणायला लावू नका.”

आणि मग तो म्हणाला. “गप्प... स्वल्प गप्प, अक्का.”

तो अगदी तसाच वाटला. मला, ज्या मला इतकं शिकून ठाऊक होतं की कानावर भरवसा ठेवायचा नसतो.

पहिला दणका. मी दाराकडे धावले. हँडल ओढलं, खांदा लावला. दार हललं नाही. काचेतून दिसलं. त्याच्या डोक्यावर पांढरा टॉवेल होता, पाणी गळत होतं. हात अंगाशी सरळ. आणि संग्राम नमस्कारासाठी वाकावं तसा वाकत होता, टेबलाच्या कडेवर, आणि वर येत होता, आणि पुन्हा वाकत होता. फोमवर लाल शिंतोडे. टॉवेल लाल होत चाललेला. बिनवायरचे हेडफोन माझ्या गळ्यात तसेच होते. त्यात हाड मोडल्याचं ऐकू आलं.

मी स्टोअररूमकडे पळाले. उपटलेली वायर जमिनीवर पडली होती. रिसीव्हर खुर्चीवर होता, उचलून ठेवलेला. मी तो कानाला लावला. गरम होता, तेलकट. आत मोहरी तडतडत होती.

“शालन अक्का,” मी म्हणाले. “तो नाही.”

“तोच आवाज.” टॉवेलमधून बोलावं तसं. घोगरं, ओलं.

“सारखा आहे. सारखा म्हणजे तोच नव्हे. असा आवाज आणखी कितीजणांचा आहे, ते बघावं लागतं. ते न बघता कुणाला...” गळ्यातल्या हेडफोनमध्ये दणके चालूच होते. मी एका मेलेल्या बाईला पहिल्या वर्षाचा धडा शिकवत होते.

“मग कोन?”

माझ्या तोंडात पिराजीचं नाव आलं. जिभेवर होतं, ऋचा. ते म्हटलं असतं तर संग्राम तिथेच सुटला असता, आणि तुरुंगात पिराजी मेला असता, तरी मला कुणी विचारलंही नसतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “आम्ही फार थोडे आवाज घेतले. तेवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.”

दणके थांबले.

ती म्हणाली, “मग बाकीचे बोलाव.”

“बाकीचे कोण?”

“सगळे.”

“सरी,” मी तिच्या कन्नडमध्येच ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संग्राम वाचला. जबडा तीन ठिकाणी मोडला, दात टेबलाच्या कडेत रुतून राहिले. लग्न पुढे गेलं, मग मोडलं. तो आता बोलत नाही. बोलता येत नाही म्हणून, की बोलायचंच नाही म्हणून, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.

पिराजीचा अहवाल मी माझ्या पद्धतीनं लिहिला. जमले तेवढ्या आवाजांपुरतं पाहिलं तर तो आवाज पिराजीचा असण्यापेक्षा दुसऱ्या कुणाचा असेल, तर असा ऐकू येणं जास्त शक्य आहे, एवढंच. पिराजीला जामीन मिळाला. त्याची बायको तळघरात येऊन माझ्या पाया पडली. मला वाटलं, माझ्यापुरतं संपलं.

मग एका सकाळी लॅबच्या शटरबाहेर रांग दिसली. त्यात ड्रायव्हर होते, वॉचमन होते. पण गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेलेही होते, पाठीला लॅपटॉपच्या बॅगा. एक डॉक्टर होता. बँकेतले दोघे. सगळे मराठी, सगळे इथेच वाढलेले किंवा इथे मुरलेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, “अक्कांचा फोन आला होता. आवाज द्यायचाय.”

मी कुणाला परत पाठवलं नाही. घाबरून नाही. तुला विचित्र वाटेल, पण आधी मला आनंदच झाला. असंच तर करायला हवं होतं. मी सुरुवातीलाच काय ठरवलं होतं? हेल ऐकला आणि मारेकऱ्याला तळमजल्यावर नेऊन बसवलं. वरच्या मजल्यांचा विचारच केला नाही. संग्रामनं हसत विचारलं होतं, तेही मी हसण्यावारी नेलं. ती मात्र आता कुणालाच वगळत नव्हती. आणि त्या दिवसांत एकही माणूस मेला नाही. रोज नवे आवाज येत होते, माणसं धडधाकट बाहेर पडत होती. ती थांबायला शिकली होती. माझ्या आकड्यासाठी.

स्टोअररूममधला, वायर उपटलेला तो फोन मी लॅबमध्ये ठेवू शकत नव्हते. घरी आणला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला.

मागच्या आठवड्यात रांगेत आशय दिसला.

“तायडे, तुझ्या लॅबमधून कुणी बाई फोन करत होत्या. फुकट आवाज देतोय, चहा तरी पाज.” तो बूथमध्ये गेला. मी हेडफोन लावले. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

“नमस्कार अक्का,” तो म्हणाला. घरात आशय असा बोलत नाही. अथणीचा हेल, अगदी स्वच्छ. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तो नेहमी करतो, तसंच. मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याच्याकडून तिनं ते वाक्य म्हणवून घेतलं नाही. शेवटी तो हलकेच हसला.

“अक्का, आपण आधी बोललोय का कधी?”

तो बाहेर आला. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. चहा मागितला. प्यायला. गेला.

त्यानंतर रांग बंद झाली. कुणालाही फोन येत नाही. आशयचा आवाज लॅबच्या यंत्रात आहे आणि मी तो अजून ताडून पाहिलेला नाही. एक कळ दाबण्याचं काम आहे. तो माझा भाऊ आहे, असंच बोलणारे इथे हजारो आहेत, आणि आकडा काहीही आला तरी तो नाव सांगत नाही. हे मीच शिकवलंय. कुणाला शिकवलंय, तेही मला माहीत आहे. तिला नाव नकोच आहे आता. तिला आकडा हवाय.

रोज संध्याकाळी कपाटातला फोन वाजतो. उचलला की तेल तडतडतं, आणि ती घाई न करता विचारते, “आला का, बाई?” मी म्हणते, अजून नाही. ती ठेवते.

आज संध्याकाळी मी अंघोळीला गेले होते. फोन वाजला आणि मध्येच थांबला. मी तशीच बाहेर आले. कपाट उघडं होतं. आशय माझ्याकडे पाठ करून उभा होता, खांद्यावर ओला टॉवेल, रिसीव्हर कानाशी. बाळाला थोपटत बोलावं, तसा तो कुणाला तरी सांगत होता.

“स्वल्प थांबा, अक्का. झालंच.”